पिवळा, तेलकट आणि सगळीकडे हजर

आरशासमोर मांडलेल्या बाटल्या-डब्यांवर बारीक अक्षरांत काय काय छापलेलं असतं, ते वाचायची खोड तुम्हांला आहे का? मला आहे. फार करमणूक होते. कोरफड, केशर, चंदन इथपर्यंत ठीक असतं. पण मधेच एखाद्या क्रीमवर ठसठशीत ‘क्यू-१०’ असं दिसतं. औषधांच्या दुकानात तर त्याच नावाच्या गोळ्या मिळतात. डबीवर धावणारा माणूस, त्याच्या पाठीमागे उगवता सूर्य आणि ‘ऊर्जा!’ असा उद्गार. किंमत वाचली की आपली असलेली ऊर्जाही जाते.

आता ऐका. हा क्यू तुमच्याकडे आहेच, आणि तोही फुकट. हे वाक्य वाचणाऱ्या डोळ्यांत आहे, ते ज्याला कळतंय त्या मेंदूत आहे, आणि सगळ्यांत जास्त आहे तो न थांबता धडधडणाऱ्या हृदयात. तुमच्या मांजरात आहे, परसातल्या आंब्यात आहे, आंब्यावर बसलेल्या माशीत आहे आणि पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्येही आहे. जिथे शोधाल तिथे सापडतो, म्हणून इंग्लंडातल्या लिव्हरपूल विद्यापीठात मॉर्टन नावाच्या शास्त्रज्ञांच्या गटानं त्याला ‘युबिक्विनोन’ असं सगळीकडे-असणारा अशा अर्थाचं लांबलचक नाव दिलं. आपण त्याला क्यूच म्हणू. तोंडाला सोपं.

क्यू करतो काय ते सांगायच्या आधी तुम्हांला एक प्रश्न. आपण श्वासातून ऑक्सिजन घेतो. पुढे त्याचं काय होतं?

‘कार्बन डायऑक्साइड!’ असं तुम्ही ओरडला असाल, तर तुमच्यासारखे पुष्कळ आहेत. मोठी माणसंही हेच सांगतात. पण ते बरोबर नाही. तुम्ही घेतलेल्या ऑक्सिजनचं होतं पाणी! कार्बन डायऑक्साइड तयार होतो तो पोळी-भात-वरणातल्या कार्बनपासून, आणि त्यातला ऑक्सिजनही अन्नातून आणि पाण्यातून आलेला असतो. श्वासातला ऑक्सिजन अगदी शेवटी येतो, अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन उचलतो आणि पाणी होऊन बसतो. खेळून दमल्यावर जो घटाघट श्वास घेता, त्यातला वापरला गेलेला ऑक्सिजन थोड्याच वेळात तुमच्याच अंगातलं पाणी झालेला असतो.

हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकदम भेटले तर काय होतं हे प्रयोगशाळेत पाहिलं असेल. पेटती काडी जवळ नेली की ‘फट्’ असा आवाज! पेशीत असा धडाका होऊन चालणार नाही. तिथे अन्नातले इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे हातोहात पुढे जातात आणि वाटेत थोडी थोडी ऊर्जा सुटत राहते. हे सगळं घडतं तंतुकणिकेत. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात ती लांबट दिसते आणि आत घड्या पडलेला पडदा असतो, आठवलं? त्या आतल्या पडद्यातच आपला क्यू राहतो. पडद्याची जाडी किती असेल? एका मिलिमीटरचे दीड लाख भाग केले तर त्यातला जवळपास एक भाग. आणि पडदा म्हटला तरी कापड नव्हे, तेल! स्निग्ध पदार्थांचा दुहेरी थर असतो तो.

क्यूची गाठ माणसाशी पडली ती १९५७ साली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात, मॅडिसन गावी, फ्रेडरिक क्रेन नावाचे शास्त्रज्ञ काम करत होते. मूळचे ते वनस्पतींवर काम करणारे, फ्लॉवरच्या गड्ड्यातून तंतुकणिका काढणारे. (हो, भाजीचा फ्लॉवर. विज्ञानाला काहीही चालतं.) नंतर ते बैलाच्या हृदयाकडे वळले, कारण हृदयाच्या पेशी तंतुकणिकांनी खच्चून भरलेल्या असतात. फ्लॉवरमध्ये दिसलेल्या गाजरी रंगासारखा काही रंग इथे मिळतो का, हे त्यांना बघायचं होतं. तंतुकणिकांमधला तेलकट भाग त्यांनी वेगळा काढला, गाळला, पुन्हा पुन्हा शुद्ध केला. हाती आलं ते पिवळं होतं, पण गाजराचं नव्हतं. त्याचे छान पिवळे स्फटिक तयार झाले. अतिनील प्रकाशात धरलं की ते नेमकी २७५ नॅनोमीटरची लहर जास्तीत जास्त शोषून घ्यायचं, म्हणून त्याचं पहिलं नाव पडलं ‘क्यू-२७५’. नाव कसलं, वर्गातला हजेरी क्रमांक!

पिवळं काहीतरी सापडणं ही एक गोष्ट आणि ते कामाचं आहे हे दाखवणं ही दुसरी. क्रेन यांच्या गटानं ते कसं दाखवलं ते मला फार आवडतं. अन्नातून येणारा एक रेणू तंतुकणिकांना खायला दिला की हा पिवळा पदार्थ रंग सोडायचा. ऑक्सिजन मिळाला की पुन्हा पिवळा व्हायचा. म्हणजे तो काहीतरी घेत होता आणि देत होता. मग त्यांनी तंतुकणिकांमधून तेल विरघळवणाऱ्या द्रावकानं हा पदार्थ काढून टाकला. तंतुकणिकांचं काम मंदावलं. काढलेला पदार्थ परत घातला. काम पुन्हा सुरू! एवढ्या साध्या उलटसुलट प्रयोगापुढे वाद घालायला फारशी जागा उरत नाही. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेत कार्ल फोकर्स आणि सहकाऱ्यांनी त्याचा रेणू कसा जोडलेला आहे तेही उलगडलं.

तर तो रेणू जरा जवळून बघू. एक डोकं आणि एक भलीमोठी शेपूट, बस्स.

डोकं म्हणजे सहा कार्बनचं कडं, समोरासमोर दोन ऑक्सिजन अडकवलेलं. अशा कड्याला क्विनोन म्हणतात. क्विनोन तुम्ही रोज बघता. वांगं चिरून तसंच ठेवलं की काळं पडतं ना? वांग्यातला एक पदार्थ हवेतल्या ऑक्सिजनमुळे क्विनोन होतो, ते क्विनोन एकमेकांना आणि आजूबाजूच्या प्रथिनांना चिकटत जातात आणि फोडी तपकिरी-काळ्या दिसायला लागतात. म्हणून तर चिरलेली वांगी लगेच पाण्यात टाकतात. हातावर रंगणारी मेंदी? तिच्यातला लॉसोन नावाचा रंग हाही क्विनोनच. तो त्वचेतल्या प्रथिनाला असा धरतो की आठवडाभर सोडत नाही. आणि बॉम्बार्डियर नावाचा एक भुंगेरा आहे, तो त्रास देणाऱ्यावर पोटातून उकळत्या क्विनोनची पिचकारीच मारतो. एकंदर हे घराणं खटपट्या लोकांचं. कारण सगळ्यांचं एकच: क्विनोन इलेक्ट्रॉन घेतो, आणि वेळ आली की सोडतोही. वांग्यात आणि मेंदीत ही देवाणघेवाण एकदाच होऊन संपते. आपला क्यू मात्र ती पुन्हा पुन्हा करत राहतो.

शेपूट आणखी मजेची. पाच कार्बनचा एक तुकडा, त्याला आयसोप्रीन म्हणतात. रबराच्या झाडाचा चीक याच तुकड्याच्या हजारो कड्या जोडून बनतो, म्हणजे तुमचं खोडरबर आणि तुमच्या हृदयातला क्यू हे नात्यातले आहेत. गाजरातला आणि टोमॅटोतला रंगही याच तुकड्यांचा. माणसाच्या क्यूच्या शेपटीत असे १० तुकडे असतात, म्हणजे ५० कार्बन, आणि म्हणूनच तो क्यू-१०. डोक्यातले सगळे कार्बन मोजले तर जेमतेम ९. एवढीशी टाळकी आणि एवढी शेपूट! पण ती हवीच. एवढी तेलकट शेपूट असल्यामुळे क्यू पाण्यात जाऊच शकत नाही. पडद्याच्या तेलात तो सुखानं पोहत राहतो आणि बाहेर पडायचं नाव घेत नाही.

आता त्याचं काम. कोकणातली एखादी रुंद खाडी डोळ्यांसमोर आणा. खाडीत दोन-चार धक्के एका बाजूला, एक मोठा धक्का दुसऱ्या बाजूला, पूल नाही. मधे लहानशा होड्या. एका होडीत बरोबर दोन माणसं बसतात, तिसरा चालत नाही. क्यू ही ती होडी, माणसं म्हणजे इलेक्ट्रॉन आणि खाडी म्हणजे पडद्यातलं तेल. अलीकडचे धक्के ही मोठमोठी प्रथिनं आहेत. पहिला धक्का तर अवाढव्य आहे, आपल्यात तो ४५ प्रथिनं मिळून बनतो. जेवणातल्या साखरेचे बहुतेक इलेक्ट्रॉन तिथे येऊन थांबतात. दुसरा धक्का वेगळा. तेला-तुपातून निघालेल्या काही इलेक्ट्रॉनांचा तर स्वतंत्र धक्का आहे. कुणी कुठूनही येवो, पुढे जायचं तर क्यूतच बसावं लागतं. डीएनएची काही अक्षरं तयार करताना एका पायरीला दोन इलेक्ट्रॉन बाजूला काढावे लागतात, तेही याच होडीत येऊन बसतात. म्हणजे पेशीला नुसती पळायलाच नाही, वाढायलाही क्यू लागतो.

होडी भरली की एक बदल होतो. दोन इलेक्ट्रॉनांबरोबर क्यू दोन प्रोटॉनही उचलतो आणि त्याचा पिवळा रंग जातो. रिकामा क्यू पिवळा, भरलेला बिनरंगी. क्रेन यांना परीक्षानळीत दिसलेला रंगाचा खेळ हाच. भरलेला क्यू तेलातून वाट काढत पलीकडच्या धक्क्याला लागतो. या धक्क्याचं नाव तिसरं संकुल. इथे सगळे उतरतात, क्यू पुन्हा पिवळा होतो आणि परत फिरतो.

इथपर्यंत सरळ आहे. पण तिसऱ्या संकुलात जे घडतं ते इतकं चमत्कारिक आहे, की भल्याभल्यांना ते कित्येक वर्षं कळलं नाही. ते कळलं पीटर मिचेल यांना.

मिचेल हे इंग्रज शास्त्रज्ञ, जरा वेगळ्याच वाटेचे. १९६१ साली त्यांनी एक विचार मांडला होता. इलेक्ट्रॉन पुढे सरकताना प्रोटॉन पडद्याच्या बाहेरच्या बाजूला ढकलले जातात. बाहेर त्यांची गर्दी होते, आत कमी राहतात. ते परत आत येऊ बघतात, आणि त्यांच्या त्या परत येण्याच्या ओढीतून पेशीला लागणारी ऊर्जा मिळते. बाकीचे शास्त्रज्ञ कुठलातरी खास ऊर्जावान रेणू शोधत होते, त्यांना हे पटेना. वर्षानुवर्षं वाद चालला. मधल्या काळात मिचेल यांची प्रकृती बिघडली, त्यांनी एडिंबरा विद्यापीठातली नोकरी सोडली, कॉर्नवॉलमध्ये बॉडमिन गावाजवळचा ग्लिन हाउस नावाचा एक जुना पडका वाडा दुरुस्त केला आणि जेनिफर मॉयल या सहकारी शास्त्रज्ञेबरोबर तिथेच छोटीशी प्रयोगशाळा थाटली. मोठं विद्यापीठ नाही, डझनावारी मदतनीस नाहीत. अशा घरात बसून १९७५ साली त्यांनी क्यूचं कोडं सोडवलं.

कोडं असं होतं: क्यू दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन घेऊन आला, तर पलीकडे दोनच प्रोटॉन सुटायला हवेत. मोजले तर सुटत होते चार! जास्तीचे दोन आले कुठून?

मिचेल म्हणाले, दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच वाटेनं जातात असं धरून चालू नका. भरलेला क्यू तिसऱ्या संकुलापाशी आला की एक इलेक्ट्रॉन पुढे जातो, ऑक्सिजनच्या दिशेनं. दुसरा मागे वळतो! तो त्याच संकुलातून उलट्या बाजूला जातो आणि तिथे थांबलेल्या एका रिकाम्या क्यूमध्ये जाऊन बसतो. आता दुसरा भरलेला क्यू येतो. पुन्हा तेच, एक पुढे, एक मागे. मागे आलेल्या या दुसऱ्या इलेक्ट्रॉनमुळे तिथला रिकामा क्यू पूर्ण भरतो, आतल्या बाजूचे दोन प्रोटॉन उचलतो आणि पुन्हा फेरीला तयार होतो. म्हणजे आले दोन भरलेले क्यू, त्यातला एक पुन्हा भरून परत मिळाला, आणि बाहेर सुटले चार प्रोटॉन. कागदावर काढून बघा, बोटांवर मोजून बघा, हिशोब बरोबर लागतो. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा वाटलं, असला हिशोब कुठल्याही व्यापाऱ्याच्या डोक्यात आला नसता. १९७८ साली मिचेल यांना रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. क्यूच्या या फेऱ्यांना आज शास्त्रज्ञ क्यू-चक्र म्हणतात.

बाहेर जमलेले प्रोटॉन आत येतात ते एका फिरत्या प्रथिनातून. ते सेकंदाला शंभराहून जास्त गिरक्या घेऊ शकतं आणि दर गिरकीला एटीपीचे तीन रेणू तयार करतं. एटीपी म्हणजे पेशीतला रोख पैसा. मोठ्या माणसाच्या शरीरात दिवसभरात जवळपास त्याच्या वजनाइतकं एटीपी बनतं आणि मोडतं. बनलं की खर्च, म्हणून साठा कधीच फार नसतो. शिल्लक टाकायची सवय पेशींना नाही.

क्यूचं एक दुसरंही रूप आहे, आणि ते सांगायलाच हवं, नाहीतर तुम्हांला वाटेल हा फार गुणी बाळ आहे. होडीत एकच माणूस असताना ती डळमळते. अर्ध्या भरलेल्या क्यूतून इलेक्ट्रॉन कधीकधी निसटतो आणि थेट ऑक्सिजनला चिकटतो. असा ऑक्सिजन फार खोडकर होतो, दिसेल त्याच्यावर हल्ला करतो. पडद्यातल्या तेलावर तर त्याचा विशेष डोळा. जुने शेंगदाणे खाल्ले की खवट लागतात ना? तेल ऑक्सिजनमुळे बिघडतं, म्हणून. पेशीचे पडदेही तेलाचेच, तेही असेच बिघडू शकतात, आणि फार बिघडले तर पेशी मरते.

पण त्याच बिघाडाला आवर घालणाराही क्यूच! भरलेला क्यू आपले इलेक्ट्रॉन त्या बिघडत चाललेल्या तेलाला देतो आणि बिघाडाची साखळी तिथेच तोडतो. ई जीवनसत्त्व हेच काम करताना थकलं, की त्याला पुन्हा ताजंतवानं करायलाही क्यू मदत करतो. २०१९ साली दोन वेगवेगळ्या गटांना एकाच वेळी असं दिसलं, की पेशीच्या बाहेरच्या पडद्यापाशी एक खास प्रथिन उभं असतं आणि त्याचं काम रिकाम्या क्यूला पुन्हा भरून देणं. तंतुकणिकेपासून इतकं दूर, फक्त पडदा खवट होऊ नये म्हणून.

आता त्या डबीवरच्या गोळ्यांकडे येऊ. क्यू हे जीवनसत्त्व नाही. जीवनसत्त्वं बाहेरून घ्यावी लागतात, क्यू आपण घरीच बनवतो. टायरोसिन नावाचा प्रथिनांचा एक तुकडा असतो, त्यापासून डोकं. आणि ज्या रस्त्यानं कोलेस्टेरॉल बनतं त्याच रस्त्यानं शेपूट. तुमच्या आजोबांना कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनची गोळी चालू असेल, तर ती गोळी हा रस्ता सुरुवातीलाच अडवते, आणि त्यामुळे रक्तातला क्यूही कमी होतो. मग वरून क्यूची गोळी घेतल्यानं बरं वाटतं का, हे पुष्कळांनी तपासलं. निकाल एकसारखे आले नाहीत. (आजोबांची गोळी बंद करायला जाऊ नका हं. ते काम डॉक्टरांचं.) मासे, शेंगदाणे, तीळ, सोयाबीन यांतूनही थोडा क्यू मिळतो, पण एवढी मोठी तेलकट शेपूट पोटातून रक्तात शिरणं अवघड, त्यामुळे बराचसा तसाच बाहेर पडतो. धडधाकट मुलानं क्यू खाऊन शाळेतली शर्यत जिंकायची स्वप्नं बघू नयेत. पळायचा सराव करावा.

काही मुलांमध्ये मात्र क्यू बनवण्याच्या कृतीतलं एखादं जनुक जन्मतःच बिघडलेलं असतं. फार थोडी मुलं, पण असतात. त्यांचे स्नायू, मेंदू, मूत्रपिंडं यांना त्रास होतो. अशा रुग्णांचं पहिलं वर्णन १९८९ साली छापून आलं. या मुलांना हीच गोळी मोठ्या प्रमाणात आणि लवकर दिली तर काहींना खरोखर फायदा होतो. गोळीची खरी जागा तिथे आहे असं मला वाटतं. क्रीमच्या डब्यांवर ती कशाला?

शेपटीच्या लांबीचीही एक गोष्ट राहिलीच. आपल्या क्यूला १० तुकडे. उंदराच्या क्यूला बहुतेक करून ९. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जीवाणूला ८. पावाच्या यीस्टला ६. मग प्रत्येकाला आपापलीच लांबी लागते का? जपानी शास्त्रज्ञांनी यीस्टचं शेपूट जोडणारं जनुक काढून तिथे दुसऱ्या जीवांची जनुकं बसवली. यीस्ट ५ पासून १० पर्यंत निरनिराळ्या लांबीचे क्यू बनवायला लागलं आणि वाढतही राहिलं! एवढ्या लाडानं मोजलेल्या शेपटीला यीस्टनं फारसं मनावर घेतलं नाही.

क्यू इतका महत्त्वाचा, तर त्याची जागा अडवली की झालं, असं कुणाच्या मनात आलं असेल? युरोपातल्या एका अळंबीच्या आलं. म्हणजे मनात नव्हे, पण तिनं तसं केलं खरं. पाइनच्या जमिनीत पडलेल्या शंकूंवर ही बारकीशी अळंबी उगवते. शंकू एकच आणि त्यावर डोळा ठेवून असलेल्या बुरशा अनेक. ही अळंबी एक रसायन सोडते. ते तिसऱ्या संकुलात, जिथे भरलेला क्यू येऊन लागतो, नेमकं त्याच खोबणीत जाऊन बसतं. क्यूला धक्क्याला लागायला जागा नाही, इलेक्ट्रॉन अडकले, बुरशी उपाशी. अळंबीचं स्वतःचं संकुल किंचित वेगळं आहे, म्हणून तिला काही होत नाही. १९७७ साली जर्मनीत टिम आंके आणि सहकाऱ्यांनी हे रसायन वेगळं केलं, नाव स्ट्रोबिल्युरिन. उन्हात ते टिकत नसे, म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्यात फेरफार केले आणि शेतीची औषधं बनवली. नाशिककडे कुणा नातेवाइकांची द्राक्षबाग असेल तर त्यांना विचारा, अ‍ॅझॉक्सीस्ट्रोबिन माहीत आहे का? डाऊनी आणि भुरी या रोगांवर फवारतात ते. बाटली बघितली तर नावात अजून ती अळंबी सापडेल. आणि हेही विचारा, की एकच औषध सारखं का मारू नये. त्याचं कारण क्यूच्या खोबणीतच आहे. तिथल्या प्रथिनातला १४३ क्रमांकाचा एकच तुकडा बदलला, की औषध तिथे बसत नाही आणि क्यू मात्र आरामात बसतो. कितीतरी बुरशांनी हा बदल करून दाखवला आहे. बागायतदार वैतागतात, त्यात त्यांचं काही चुकत नाही.

शेवटचा किस्सा पोटातला आहे, तेव्हा जेवताना वाचत असाल तर ताट आधी संपवा.

१० फेब्रुवारीला शाळेत जंताची गोळी मिळते, ती चघळून खाल्ली असेल. ती ज्यांच्यासाठी असते त्यांतला एक मोठा जंत, पांढरट आणि गांडुळाएवढा लांब. त्याचं अंडं घाणेरड्या हातांवरून पोटात गेलं की त्यातून अळी बाहेर पडते, आतड्यातून रक्तात शिरते आणि फुप्फुसात पोचते. तिथे ऑक्सिजन भरपूर. अळी आपल्यासारखाच क्यू वापरते. मग ती श्वासनळीतून वर घशात येते, गिळली जाते आणि पुन्हा आतड्यात येऊन मोठी होते. आतड्यात ऑक्सिजन जवळपास नाहीच. इलेक्ट्रॉन शेवटी द्यायचे कुणाला? इथे मोठा झालेला जंत क्यू बाजूला ठेवतो आणि त्याचा एक चुलतभाऊ वापरायला लागतो: रोडोक्विनोन. डोक्यावरचा एक छोटासा तुकडा काढून तिथे नायट्रोजन लावलेला, बाकी सगळं तेच. पण तेवढ्यानं त्याची इलेक्ट्रॉनवरची पकड ढिली होते. क्यू ज्याला इलेक्ट्रॉन सहजासहजी देणार नाही, अशा फ्युमरेट नावाच्या रेणूलाही रोडोक्विनोन ते देऊन टाकतो. ऑक्सिजनची गरजच संपली! मघाशी सांगितलेला दुसरा धक्का आठवतो? तो आता चक्क उलटा चालतो. इलेक्ट्रॉन तिथून चढायच्या ऐवजी तिथे उतरतात.

हा चुलतभाऊ जंतांच्या जातीचे प्राणी कशापासून बनवतात तेही २०१९ साली कळलं. ट्रिप्टोफॅन नावाच्या प्रथिनाच्या तुकड्यापासून सुरुवात होते, म्हणजे आपल्या क्यूच्या डोक्यापेक्षा निराळ्याच कच्च्या मालातून. शाळेत मिळणारी गोळी या वाटेला जात नाही, ती जंताच्या पेशींचा सांगाडा मोडते. पण रोडोक्विनोन बनवायची कृतीच बंद पाडणारं औषध मिळालं, तर फुप्फुसातल्या अळीचं बहुधा काही बिघडणार नाही आणि आतड्यातला जंत मात्र गुदमरेल. काही प्रयोगशाळांत सध्या अशाच रेणूंचा शोध चालू आहे, आणि त्यासाठी जंतांचे मातीत राहणारे, निरुपद्रवी, एक मिलिमीटर लांबीचे भाऊबंद ताटल्यांमध्ये हजारोंनी पाळले जातात.